'सासूबाई' सापडत नाही

आमच्या वहिनी वस्तूंना नावं देतात. माणसांना आईबाप नावं देतात, रस्त्यांना सरकार देतं, आणि उरलेल्या जगाची जबाबदारी वहिनींनी स्वतःच्या अंगावर घेतली आहे. कपडे धुण्याचं यंत्र म्हणजे 'आदळआपट'. जिन्यातला सारखा लुकलुकणारा दिवा 'संशयी'. माझी स्कूटर चढावर धापा टाकते पण कधी बंद पडत नाही, म्हणून तिचं नाव 'मोठ्या मावशी', आणि हे मोठ्या मावशीसमोर बोलायचं नाही एवढं एक पथ्य आम्ही सगळे पाळतो. मी वहिनींचा धाकटा दीर. चष्म्याचं दुकान चालवतो, लग्न केलेलं नाही, आणि दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि आई अशा घरात राहून सगळ्यांच्या भानगडींत मध्यस्थी करतो. या घरात डोकं ठिकाणावर असलेला माणूस एकच आहे, पण माझं ऐकतंय कोण?

वहिनी एका कारखान्यात काम करतात. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबदार पाळणे तयार होतात. पाळणा म्हणजे झोके देणारा नव्हे; काचेची पेटी, आत गादी आणि गादीखालून नेमकी ऊब. ती ऊब खरोखर नेमकी आहे का, हे तपासण्याची खोली वहिनींच्या ताब्यात आहे. गादीवर जागोजागी उष्णता मोजणारी छोटी बोंडं ठेवतात, त्यांच्या तारा चार डब्यांत जातात, आणि ते डबे आकडे तयार करून संगणकाला पुरवतात. डबे दिसायला जेवणाच्या डब्याएवढेच, करड्या रंगाचे, एका बाजूला तारांसाठी भोकं आणि दुसऱ्या बाजूला संगणकात खोचायची वायर. वहिनींच्या तोंडून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की उद्या त्या आजारी पडल्या तर ती खोली मी चालवीन. थोड्याच वेळात तिथे आग लागेल ही गोष्ट वेगळी.

या डब्यांचं दुखणं एकच होतं. संगणक त्यांना आपल्या मनाने नावं द्यायचा: डिव्हाइस एक, डिव्हाइस दोन. एखादा डबा दुरुस्तीला गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला की आकडा पुढे सरकायचा. जुनं नाव संगणक विसरायचा नाही आणि नव्याला ते द्यायचाही नाही. खोलीत डबे तेव्हा तीनच आणि यादीत नावं त्याच्या दुपटीहून जास्त. इकडे मोजणी करणारा प्रोग्राम सकाळी हजेरी घ्यायला बसायचा, डिव्हाइस दोन कुठे आहे म्हणून विचारायचा, आणि दोनच्या जागी आलेला डबा त्याच्या नाकासमोर डिव्हाइस सात होऊन बसलेला असायचा. मग प्रोग्राम रुसायचा आणि काम ठप्प. वहिनींच्या आधी ती खोली सांभाळणारे गृहस्थ अशा वेळी सगळं बंद करत, पुन्हा चालू करत, आणि तरीही जमलं नाही की कपाळाला हात लावून चहा प्यायला जात. नोकरीचा बराचसा काळ त्यांनी असा चहावर काढला.

वहिनींनी आल्या आल्या यादीतली मेलेली नावं पुसून टाकली आणि प्रत्येक डब्याला त्याचं स्वतःचं नाव दिलं. डब्याच्या पोटात बनवणाऱ्याने घातलेला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाशी नाव बांधलं की डबा कुठेही खोचा, नाव सुटत नाही. इथपर्यंत कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. शहाण्या माणसाने मग 'उजवा', 'डावा' अशी काहीतरी नावं दिली असती. वहिनींनी घरच्या माणसांची दिली.

पहिला डबा 'अहो'. तो जागा व्हायला वेळ लावतो, पण एकदा जागा झाला की दिवसभर कुरकुर नाही. दादाला स्वतःचं हे वर्णन आवडलं. सगळ्यात लहान डबा 'चिंगी', म्हणजे माझी पुतणी. तिसरा 'भाऊजी', म्हणजे मी. हा डबा खोलीत चार माणसं जमली की काहीच्या काही आकडे फेकायला लागतो, आणि माणसं गेली की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. मी या तुलनेला रीतसर हरकत घेतली होती. वहिनी म्हणाल्या, "बघा, आत्ता तुमचे दादा आणि चिंगी समोर आहेत तर कसे बोलताय."

आणि चौथा डबा 'सासूबाई'. हा सर्वांत महागडा. मोजणी सुरू होण्याआधी प्रोग्राम बाकीच्या तिघांचे आकडे या चौथ्याच्या आकड्यांशी ताडून पाहतो, आणि केसभर जरी फरक निघाला तरी लाल अक्षरं दाखवून सगळं अडवून धरतो. या डब्याच्या पाठीवर वहिनींनी लाल नेलपॉलिशने ठसठशीत 'सासूबाई' लिहिलं होतं, आणि पुसलं जाऊ नये म्हणून वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा आणखी एक हात दिला होता.

हे नाव कुठून आलं ते समजायला आमची आई माहीत असायला हवी. आई वजनमापे खात्यात निरीक्षक होती. ती बाजारात शिरली की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. निवृत्त झाली तेव्हा बाजाराने सुटकेचा निःश्वास सोडला आणि आमचा श्वास अडकला, कारण आता तिच्या तपासणीला घर तेवढं उरलं होतं. वहिनी भाजी आणत. आई ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा तोलायची आणि कमी भरली तर जाब विचारायची, तोही भाजीवाल्याला नव्हे, वहिनींना. चहात साखर किती, पिठात मीठ किती, पाण्याची बादली किती भरली, सगळ्याची मोजदाद. एके दिवशी वहिनींनी तो काटा उचलला आणि आईचा हात पोचणार नाही अशा बेताने कपाटावर ठेवून दिला.

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे बोलणं चालू होतं, पण माझ्यामार्फत. "तिला सांग, दूध उतू जातंय." मी जाऊन सांगेपर्यंत दूध खाली आलेलं असायचं. "त्यांना सांगा, गॅस त्यांच्याच हाताशी होता." दादा अशा वेळी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचा आणि हवामानाचा अंदाज पाठ करायचा. त्याच दिवसांत कारखान्यात तो चौथा डबा आला, आणि पहिल्याच सकाळी त्याने बाकीच्या तिघांच्या चुका काढून काम थांबवलं. वहिनींनी पर्समधून नेलपॉलिश काढलं.

मग आईच्या गुडघ्याने तोंड वर काढलं. शस्त्रक्रिया झाली, पण आखडलेला पाय सैल होईना. वहिनींनी कारखान्यातून नमुन्याची एक छोटी गादी मागून आणली, तिला हव्या तेवढ्याच अंशांवर थांबणारा चाप जोडला, आणि एक शब्द न बोलता ती आईच्या गुडघ्याला बांधली. आईनेही एक शब्द न बोलता बांधू दिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं आहे." आईच्या तोंडून हे दोन शब्द निघावेत म्हणून अख्खा बाजार वर्षानुवर्षं झुरला होता. पुढे ती रोज विचारायला लागली, आज किती अंशांवर ठेवलंस, तो आकडा बरोबर कशावरून, हे यंत्र तपासणारं यंत्र कोण तपासतं? वहिनी सांगत, आई उलटतपासणी घेई, आणि दोघींचा संध्याकाळचा चहा गार होऊन जाई. माझा मध्यस्थीचा धंदा बसला. मला त्याचा इतका आनंद झाला होता की मी तो लपवण्यासाठी दोघींवर उगाच खेकसत असे.

अशातच मालकांनी ठरवलं की कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरच्यांना एकदा बोलवावं, आपली माणसं काय करतात ते बघू द्यावं. दादाला त्या दिवशी सुट्टी मिळणार नव्हती. चिंगीची परीक्षा होती. आई कुठे जिने चढणार, म्हणून तिला कुणी विचारलंच नाही. आदल्या संध्याकाळी तीच म्हणाली, "मी येते. हिचं काम बघायचंय मला."

वहिनींचा चेहरा आधी फुलला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या मला खुणावून गॅलरीत घेऊन गेल्या.

"भाऊजी, मेले मी. नावं भिंतीवर दिसतात."

"कसली नावं?"

"डब्यांची! एवढा मोठा पडदा आहे भिंतीवर. अहो, चिंगी, भाऊजी, सासूबाई, आणि प्रत्येकाखाली आकडा. आत्ता कुठे त्या माझ्याशी बोलायला लागल्यात. हे वाचलं तर पुन्हा तोंड उघडणार नाहीत. या वेळी गुडघासुद्धा नाही मदतीला."

"मग बदला की नाव. त्यात काय?"

"बदलतेच. सकाळी लवकर जाते."

एखादं काम सोपं आहे असं मी म्हटलं की ते होत नाही, हा अनुभव आमच्या घरात सगळ्यांना आहे. तरीही वहिनींनी विश्वास ठेवला, त्याला मी काय करू?

पुढचं मला नंतर कळलं, पण क्रमाने सांगितलेलं बरं. सकाळी खोलीत पोचल्यावर वहिनींनी यादीत जाऊन 'सासूबाई' खोडलं आणि 'मुख्य' असं लिहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर 'मुख्य' झळकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग सवयीने त्यांनी प्रोग्राम चालू करून पाहिला, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'सासूबाई' हे उपकरण सापडत नाही. ताडून पाहण्याचा जो भाग होता, त्यात यादीवरून उचललेलं ते नाव आतवर कोरलेलं होतं, आणि तो भाग कुलूपबंद. प्रोग्राम लिहून देणाऱ्या गृहस्थांना त्यांनी फोन लावला. फोन बंद. डब्याचं नाव 'मुख्य' आणि प्रोग्रामच्या तोंडी 'सासूबाई', अशी दोघांची चुकामूक झाली होती.

नाव परत 'सासूबाई' केलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. वहिनींनी ते केलंही. पण मग भिंतीवर पुन्हा तेच नाव, आणि डब्याच्या पाठीवर नेलपॉलिश आहेच, ते खरवडूनही निघेना. तेव्हा त्यांनी शेवटचा उपाय केला. डबा उपटला, फडक्यात गुंडाळला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. त्याच्या जागी कपाटातला नवाकोरा डबा बसवला. आज नुसती घरची मंडळी येणार, त्यांना चार आकडे हलताना दिसले म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब. नवा डबा अजून कुणाशी ताडलेला नव्हता, आकडा जरा कमीच सांगायचा, पण आज खरी चाचणी थोडीच करायची होती!

इतक्यात मालक दारात येऊन म्हणाले, "बरं का, हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरही येताहेत. त्यांच्यासमोर एक पूर्ण चाचणी करून दाखवा. त्यांना पटलं तर पाळणे त्यांच्याकडे जातील."

वहिनींनी मला फोन केला. "भाऊजी, आईंना थोडा वेळ थांबवा."

"कसा थांबवू? ती साडी नेसून पायरीवर उभी आहे."

"तुम्ही चष्मे विकता. माणसाला खुर्चीत बसवून ठेवणं हेच तर तुमचं काम."

मी आईला वाटेत दुकानात नेलं. म्हटलं, तुझ्या नव्या चष्म्याची दांडी सैल वाटतेय. तिने दांडी हलवून पाहिली आणि सैल नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, मग नंबर एकदा पुन्हा बघू. तिला खुर्चीत बसवलं, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. तिने तो वाचला. सर्वांत खालची ओळ वाचली. तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, तेही वाचलं. इतका उत्तम चष्मा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला करून दिलेला नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा मनस्वी पश्चात्ताप झाला.

आम्ही कारखान्यात पोचलो तेव्हा तपासणीच्या खोलीत मालक आणि मोठ्या सिस्टर आधीच उभे होते. सिस्टर उंच, शांत, हात पाठीमागे बांधून उभ्या. मधोमध काचेचा पाळणा, आत बाळाच्या जागी वाळूने भरलेली कापडी बाहुली. बाजूच्या लांब टेबलावर डबे आणि तारा, आणि टेबलाशी वहिनी. आम्हाला पाहून त्या हसल्या, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. त्या वेळी त्या प्रोग्रामची समजूत घालत होत्या. त्याला 'सासूबाई' हवी होती ना? ठीक आहे, या नव्या डब्यालाच घटकाभर 'सासूबाई' म्हणू, चाचणी उरकू, आकड्यांचं नंतर बघू, असा त्यांनी घाबरलेल्या माणसाचा विचार केला होता. त्यांनी नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

भिंतीवरच्या पडद्यावर, आईच्या बरोब्बर समोर, हाताएवढी अक्षरं उमटली:

'सासूबाई' हे नाव आधीच वापरात आहे. मूळ उपकरण गैरहजर आहे. 'सासूबाई'ला यादीतून कायमचे काढून टाकायचे?

खाली दोन चौकोन होते. हो. नाही.

मी दाराकडे पाहिलं, पण आईने माझा दंड धरला होता. तिने चष्मा जरा वर केला आणि मजकूर सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला.

मालकांना काही कल्पना नव्हती. ते सिस्टरांसमोर खोळंबले म्हणून घायकुतीला आले होते. "अहो, 'हो' दाबा ना! काढून टाका ती सासूबाई, कशाला अडवून धरलंय सगळ्यांना?"

वहिनींचं बोट माउसवर होतं. 'हो' म्हटलं की संगणक जुनं नाव विसरणार, नवा डबा ते नाव घेऊन बसणार, बाकीच्या तिघांना त्याच्याशी जुळवून घेतलं की चाचणी सुरळीत होणार. आईला सांगायला सबबही तयार होती: हे नाव कुणीतरी आधीच देऊन ठेवलेलं, मी तर काढूनच टाकत होते. पण नवा डबा कमी आकडा सांगणार, आणि त्या कमी आकड्याच्या भरवशावर बाकीच्यांना खोटं पाडून पाळणा आणखी तापणार. समोर हॉस्पिटलच्या सिस्टर उभ्या होत्या. आज आत वाळूची बाहुली होती. उद्या नसती.

"काढायचीच असेल," आई म्हणाली, "तर आधी ती गेली कुठे ते तरी बघू."

वहिनींनी माउस सोडला. "कुठे गेलेली नाही, आई," त्या म्हणाल्या. त्यांनी खण उघडला, फडकं सोडलं आणि तो डबा सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवला. लाल अक्षरं छताकडे तोंड करून होती. मग 'नाही' दाबून त्यांनी नवा डबा काढला, जुन्याची वायर जागेवर खोचली आणि बोंडांच्या तारा एकेक करून त्याच्यात बसवल्या. एकही तार चुकली नाही. पडद्यावरची यादी हलली आणि हिरव्या अक्षरांत आलं: 'सासूबाई' हजर.

प्रोग्रामने हजेरी घेतली. ताडून पाहिलं. 'अहो' बरोबर, 'चिंगी' बरोबर, 'भाऊजी'त फरक. सिस्टरांनी विचारलं, भाऊजींना काय झालं? वहिनी म्हणाल्या, "माणसं जमली की त्याचं असंच होतं," आणि त्यांनी त्या डब्याची एक सैल झालेली तार घट्ट केली. आई माझ्याकडे बघून हसली नाही, पण तिच्या मनात आलं असणार. पाळणा तापायला लागला. आकडे चढू लागले. सिस्टर आणि मालक काचेपाशी जाऊन एकेका आकड्याविषयी बोलू लागले, आणि टेबलाशी आम्ही तिघंच उरलो.

"हे नाव कधी दिलंस?" आईने विचारलं.

"आपण बोलत नव्हतो तेव्हा."

"रागाने?"

"हो. रागानेच." वहिनींनी मान वर केली. "हा डबा सारखा अडवायचा. याचं चुकलं, त्याचं चुकलं. मला वाटलं, घरी एक आहेत, इथे दुसऱ्या आल्या."

मी पंख्याकडे पाहायला लागलो. पंख्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"मग?"

"मग लक्षात आलं, की दर वेळी याचंच बरोबर निघतं. आता याच्याशी ताडल्याशिवाय मी एकही पाळणा या खोलीतून बाहेर सोडत नाही. राग गेला, नाव तसंच राहिलं."

"राग खरंच गेला? का मी समोर उभी आहे म्हणून म्हणतेस?"

"सगळा नाही गेला," वहिनी म्हणाल्या. "भाजी तोलता तेव्हा येतो."

आता मात्र संपलं, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांचा सगळा चहा फुकट गेला. आई डब्याकडे वळली. बोलली तेव्हा निरीक्षकाच्या आवाजात बोलली नाही.

"आमच्या ऑफिसात एक प्रमाण वजन होतं. पितळेचं. साऱ्या बाजाराची वजनं त्याच्याशी ताडून बघायची. पण त्याला कुणी बोट लावायचं नाही. घामाने फरक पडतो ना. लाकडी चिमट्याने उचलायचं, काम झालं की लगेच पेटीत, आणि पेटी कपाटात. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर काम केलं, पण ते हाताला कसं लागतं ते मला माहीत नाही." तिने चष्मा काढला. "घरात तुम्ही मला तशीच उचलता. कामापुरती. तूही, आणि माझे दोन मुलगेही. रोज दुधाचा, भाजीचा निरोप घेऊन येतात आणि जातात. जवळ बसत कुणी नाही."

मी इतकी वर्षं मध्यस्थी मध्यस्थी म्हणून जे मिरवलं, त्याचं हे तिच्या बाजूने दिसणारं रूप होतं, आणि ते मला फार लागलं. म्हटलं तर मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिने धरलेला माझा दंड मी मघाशीच सोडवून घेतला होता.

वहिनींनी आईचा हात धरला. तो ओढून त्यांनी डब्यावर ठेवला, त्या लाल अक्षरांवर, आणि वर आपला हात ठेवला.

"याला हात लावला तरी चालतो, आई."

आईने हात काढून घेतला नाही. "गरम आहे गं," ती म्हणाली.

"काम करतोय ना, म्हणून."

मालकांनी खुर्ची आणून ठेवली, मी ती पुढे सरकवली, पण आई बसली नाही. चाचणी पुरी होईपर्यंत ती त्या दुखऱ्या गुडघ्यावर तशीच उभी राहिली, आणि वहिनींनी तिच्या हातावरचा आपला हात उचलला नाही.